उत्तरेकडचा उतार

खड्डा कमरेइतका खोल झाला तेव्हा अरविंद काठावर वाकून म्हणाला, "पमे, विहीर काढतेस का? पाणी लागलं की हाक मार."

मी हसले नाही. हसायला लागतो तेवढाही दम माझ्यात उरला नव्हता. सतरा हजार फुटांवर फावडं चालवायचं म्हणजे चार घाव घालायचे, फावड्यावर रेलून उभं राहायचं, तोंडानं हवा ओढायची आणि पुन्हा चार घाव. फावडंही धड नव्हतं. नानांनी गावातल्या लोहाराकडून करून घेतलेलं, आखूड दांड्याचं. त्याचा पत्रा थंडीनं हातमोज्याच्या लोकरीला चिकटत होता.

नाना माझ्या मागे, चार पावलं खाली, पाठीवरची पिशवी न उतरवताच उभे होते. ते माझ्याकडे पाहत नव्हते. आम्हाला जायचं होतं तिकडे पाहत होते.

समोर तो उतार होता. उत्तरेकडे तोंड केलेला, पाच-सहाशे फूट उंच, एका अंगाला काळ्या खडकाची भिंत आणि माथ्यावर खिंडीची कड. कडेवर नुकतं ऊन आलं होतं. खिंडीत पोचलं की पलीकडून शिखर तीन तासांवर. उतारावर एक सुरकुती नव्हती. लहान मूल असतं तर त्यानं घसरगुंडी म्हणून त्यावर अंग टाकून दिलं असतं.

ही १९८६ सालच्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. शिखराचं नाव गौरण टिब्बा. कुलूच्या बाजूला, एका ओढ्याच्या उगमाशी. नकाशात त्याला नुसता आकडा होता. नाव खालच्या गावकऱ्यांनी दिलेलं. संगमनेरच्या आमच्या मंडळाची ती पहिलीच हिमालय मोहीम. त्याआधी आम्ही सगळे रतनगड, हरिश्चंद्रगड, कुलंग अशा ठिकाणचे कडे चढून तयार झालेले. आम्हाला बर्फ ठाऊक होता तो रसवंतीतला.

नाना म्हणजे रंगनाथ वाकचौरे. एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक, वय त्रेचाळीस. मंडळ त्यांनीच काढलं. भंगारातल्या गाडीच्या पट्ट्या विकत घ्यायच्या, त्या तापवून ठोकून त्यांचे खिळे करायचे आणि त्या खिळ्यांच्या भरवशावर कोकणकड्यावर लोंबकळायचं, हे आम्हाला त्यांनी शिकवलं. गौरण टिब्ब्याचं वेडही त्यांचंच. तीन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका चमूबरोबर ते त्याच्या पायथ्याशी जाऊन आले होते, सामान वाहायला आणि स्टोव्ह दुरुस्त करायला. तिथून त्यांनी ते शिखर पाहिलं आणि परत आल्यावर घरातल्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते पेन्सिलीनं काढलं. पुढची तीन वर्षं आम्ही चहाला गेलो की ते कॅलेंडर उलटं होऊन समोर यायचं.

अरविंद मुटकुळे साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता. अठ्ठावीस वर्षांचा, आमच्यात सगळ्यांत ताकदीचा. मी चोवीस वर्षांची, कन्याशाळेत विज्ञान शिकवायचे. चौथा भास्कर सातपुते. त्याचं पोट बिघडलं म्हणून तो खालच्या तळावरच राहिला होता. आणि आमच्याबरोबर होता टेकराम, खालच्या गावचा, मेंढ्या घेऊन त्या डोंगरांत लहानाचा मोठा झालेला, पन्नाशीचा, फार न बोलणारा माणूस.

त्या मोहिमेत माझ्याकडे एकच गोष्ट होती जी बाकीच्यांकडे नव्हती. आदल्या वर्षी मी उत्तरेतल्या एका संस्थेत जाऊन गिर्यारोहणाचे प्राथमिक आणि प्रगत असे दोन्ही अभ्यासक्रम पूर्ण केले होते. तिथं फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. ते आम्हाला रोज बर्फात खड्डे खणायला लावायचे. बाकीच्या मुली वैतागायच्या. सुभेदार म्हणायचे, वरचा बर्फ सगळ्यांना दिसतो, बेटा, माणूस मरतो तो आतल्या बर्फानं. खड्ड्याची एक बाजू सरळ तासायची, तिच्यावरून हात फिरवायचा आणि कुठला थर कसा आहे ते डोळे मिटून सांगायचं. मला ते जमायचं. का कोण जाणे, पण बोटांना कळायचं.

वरच्या तळावर आम्ही तीन दिवस अडकून पडलो होतो. दोन दिवस बर्फ पडला आणि तिसऱ्या दिवशी नुसता वारा. तंबूच्या कापडावर कुणी मुठीनं वाळू मारावी तसा आवाज. आईनं दिलेल्या दशम्या दगड झाल्या होत्या. त्या आम्ही चहात बुडवून खात होतो. मी आणि नाना पत्ते खेळायचो, अरविंद कारखान्यातल्या गमती सांगायचा. टेकराम दर तासाला बाहेर डोकं काढून वर पाहायचा आणि आत यायचा. आमच्याकडे रॉकेल आणि शिधा दोन दिवसांचा उरला होता. म्हणजे हवा उघडली की एकच प्रयत्न.

चौथ्या दिवशी पहाटे आकाश लख्ख उघडलं. एवढं की तंबूतून बाहेर आल्यावर मला रडू आलं. नाना आधीच बूट चढवून उभे होते. उसने आणलेले बूट, दीड माप मोठे, आत दोन जोड मोजे. ते म्हणाले, "चला, देवानं दार उघडलंय."

तासभर चालून आम्ही उताराच्या पायथ्याच्या सपाटीवर आलो. टेकराम पुढे, मग अरविंद, मग मी, शेवटी नाना. तिथं ते झालं.

आवाज मोठा नव्हता. 'धप्' असा, दबका. वरच्या मजल्यावर कुणी धान्याचं पोतं टाकावं तसा. फक्त तो वरून नाही, पायांखालून आला. आणि आमच्या पायांखालचं मैदान इंचभर खाली बसलं. सगळंच्या सगळं, एकदम. टेकराम जागच्या जागी थिजला. त्याच्या बुटापासून एक बारीक भेग निघून वीसेक हात लांब गेली होती.

अरविंद म्हणाला की बर्फ बसतोय, चांगलंच आहे, आता घट्ट होईल. टेकराम मात्र एक पाऊल मागे आला. तेव्हा मी नानांना म्हटलं, मला अर्धा तास द्या, उताराच्या कडेला मला खणून बघायचंय. नानांनी घड्याळ पाहिलं. ऊन वर चढायच्या आत खिंड गाठायची होती. तरी ते म्हणाले, खण.

म्हणून मी खणत होते.

खड्डा छातीला लागला तेव्हा थांबले. एक बाजू फावड्यानं नीट तासली आणि हातमोजा काढून वरून खाली बोटं फिरवत नेली. वरचा दोन हातांचा थर वाऱ्यानं दाबून बसवलेला, पाटासारखा घट्ट. बोट आत जाईना. मग एकदम बोट आत गेलं. मधे चार बोटांची पट्टी होती आणि तिच्यात काहीच धरून नव्हतं. मी हात घातला तर ती भसाभस ओघळली. सुटे, टोकदार, चमकणारे दाणे. जुना बर्फ, हिवाळ्यातल्या निरभ्र थंड रात्रींनी आतल्या आत पोखरून सुटा केलेला. त्याच्याखाली पुन्हा कडक बर्फ.

मी मूठभर दाणे अरविंदापुढे धरले. त्यानं ते तळहातावर घेतले, बोटानं पसरले. कारखान्यात साखरेचा नमुना बघतो तसे उजेडाकडे धरून बघितले. त्याच्या चेहऱ्यावरची गंमत गेली.

मग मी सुभेदारांनी शिकवलेली चाचणी केली. तीन बाजूंनी कापून बर्फाचा एक चौकोनी खांब मोकळा केला, मागच्या बाजूनं फावडं सरकवलं आणि हलकंच पुढे ओढलं. खांब तुटला नाही. सुटला. कपाटाचा खण ओढावा तसा वरचा सगळा ठोकळा त्या दाण्यांवरून घरंगळत आला आणि माझ्या मांडीवर येऊन आदळला.

मी म्हटलं, "नाना, हा उतार आपल्याला पेलणार नाही."

नाना पुढे आले. खड्ड्यात उतरले. त्यांनीही हातमोजा काढून त्या पट्टीवरून बोट फिरवलं. बराच वेळ. त्यांच्या नखांत ग्रीजच्या काळ्या रेघा कायमच्या होत्या, त्या पांढऱ्यावर फार काळ्या दिसत होत्या.

अरविंद तेव्हा बोलायला लागला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. एका खड्ड्यावरून अख्खा उतार कसा ठरवायचा? खडकाच्या भिंतीला चिकटून जाऊ, एकेकटे जाऊ, मधे पन्नास-पन्नास हातांचं अंतर ठेवू. रात्री थंडी होती, वरचा थर गोठून बसलाय, आत्ताच गेलो तर जाऊ. दोन तासांनी ऊन आल्यावर कुणी जा म्हटलं तरी तो जाणार नव्हता, पण आत्ता जायला हरकत नाही. आणि शेवटी, जरा आवाज चढवून, त्यानं विचारलं की तीन वर्षं घालवून आपण इथं खड्डा बघायला आलो होतो का.

मी टेकरामला विचारलं. तो म्हणाला की साहेब लोक म्हणतील तसं. मी पुन्हा विचारलं, तुमची भेडबकरी असती तर नेली असती का या उतारावरून? तो जमिनीकडे बघत म्हणाला, "भेड नहीं ले जाता, बीबीजी."

नाना अजून खड्ड्यातच होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत मला पहिल्यांदाच विनवणी दिसली. मी काहीतरी वेगळं बोलावं अशी. मग ती गेली.

"पमे," ते म्हणाले, "तुला भीती वाटते म्हणून सांगतेस, का दिसतंय म्हणून सांगतेस?"

मला खोटं बोलता येईना. "दोन्ही, नाना."

त्यांनी हातमोजा घातला. खड्ड्यातून वर आले. शिखराकडे पाहिलं असेल, नसेल, मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की त्यांनी माझ्या हातातलं फावडं घेतलं, खड्ड्यात बर्फ लोटून तो अर्धामुर्धा बुजवला, मागून येणारं कुणी त्यात पडू नये म्हणून, आणि म्हणाले, "चला खाली."

अरविंद तळापर्यंत माझ्याशी बोलला नाही.

परतीच्या प्रवासात रेल्वेत नानांनी आम्हाला तिघांना समोर बसवलं. भोपाळ गेलं होतं, बाहेर उन्हाचा रखरखाट होता आणि आमच्या नाकांची सालं निघत होती. ते म्हणाले, गावात सभा होईल, तिथं मंडळातर्फे मी बोलेन. तुम्ही कुणी काही बोलायचं नाही. आम्ही माना डोलावल्या. मला हायसं वाटलं, हे मी लपवत नाही. मला वाटलं, नाना सगळं नीट सांगतील. धप् आवाज, भेग, दाणे, खांब. सांगण्यासारखं होतंच ते.

पण आम्ही गावात पोचलो त्याच आठवड्यात पेपरात चार ओळी आल्या. बंगालच्या एका तुकडीनं गौरण टिब्बा सर केला होता. आम्ही परत फिरल्यानंतर सहाव्या दिवशी. त्याच खिंडीतून, त्याच उतारावरून. चौघंही सुखरूप.

सभा वाचनालयाच्या सभागृहात झाली. जाताना ज्यांनी आम्हाला हार घातले होते ते सगळे आले होते. माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई पुढच्या रांगेत होत्या. माझे वडील मागे, दाराजवळ. अध्यक्षस्थानी रहाणे वकील. माणूस वाईट नव्हता, पण कोर्टाची सवय. त्यांनी पेपरातलं कात्रण वाचून दाखवलं, चष्मा काढला आणि उलटतपासणी घ्यावी तसे नानांना एकेक प्रश्न विचारू लागले. त्या दिवशी हवा कशी होती? चांगली. कुणी आजारी? वरच्या तळावर कुणी नाही. दोर, सामान? पुरेसं होतं.

"मग माघारी फिरायचा निर्णय कुणाचा?"

नाना उभे होते. मी त्यांच्या उजवीकडे दुसऱ्या खुर्चीवर बसले होते, मधे अरविंद.

"माझा," नाना म्हणाले.

"कारण?"

"बर्फ बरोबर नव्हता."

"बंगाल्यांना चालला, आणि आपल्याला बरोबर नव्हता?"

सभेत हशा पिकला. फार मोठा नाही. मागून कुणीतरी म्हणालं की नानांचं वय झालं आता. आणखी कुणी म्हणालं, सह्याद्रीत वाघ. पुढचं त्यानं बोलायची गरज नव्हती.

मला वाटलं, आता नाना सांगतील. आता खड्ड्याचं सांगतील. नाना खाली बसले. अरविंदनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. सरळ, डोळ्यांत. मुख्याध्यापिकाबाईही कुणाकुणाकडे बघत होत्या. मला उठायचं होतं. खरंच उठायचं होतं. पण मी माझ्या हातांकडे बघत राहिले. थंडीनं फुटलेली बोटं, त्यांना आईनं लावलेलं तूप. मग रहाणे वकिलांनी आभार मानले, लोक उठले, खुर्च्या वाजल्या आणि ती वेळ गेली.

नानांना मंडळानं काढलं वगैरे नाही. तसं आमच्याकडे होत नसे. फक्त पुढची मोहीम निघाली तेव्हा नेता अरविंद होता, आणि नानांना कुणी विचारलं नाही. ते दोर तपासून द्यायचे, स्टोव्हच्या पिना साफ करून द्यायचे, स्टँडवर निरोपाला यायचे. नंतर तेही बंद झालं. हिमालयात ते पुन्हा गेले नाहीत. कॅलेंडरच्या मागचं चित्र कधी निघालं मला माहीत नाही; मी त्यांच्याकडे चहाला जाणं बंद केलं होतं.

मी मात्र गेले. दोन वर्षांनी शाळा सोडून त्याच संस्थेत शिकवायला लागले, मग इतर ठिकाणी. एकवीस वर्षं मी मुलींना बर्फात खड्डे खणायला लावले आणि त्या वैतागल्या. किती तुकड्या मी अर्ध्या वाटेवरून माघारी फिरवल्या त्याची गणती नाही. फौजी अधिकारी माझ्यावर ओरडले, एका परदेशी पाहुण्यानं माझी तक्रार केली, एका मुलीनं रडून गोंधळ घातला. मला कधी तोंड उघडायला जड गेलं नाही. दिसलं की मी बोलायचे. दोनदा आम्ही परत फिरल्यावर आमच्या डोळ्यांदेखत उतार सुटला. बाकीच्या वेळी काहीच झालं नाही, आणि लोकांनी मला भित्री म्हटलं. माझं काही अडलं नाही.

२००९ साली मंडळानं स्मरणिका काढायचं ठरवलं. पहिल्या हिमालय मोहिमेवर मी लिहावं असं पत्र आलं. मी लिहायला बसले आणि पहिल्या पानावरच अडले. तेव्हा गाडी पकडून संगमनेरला गेले आणि सरळ नानांच्या घरी.

नाना ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मधुमेहानं नजर जवळजवळ गेली होती. मी नाव सांगायच्या आत त्यांनी ओळखलं. "पमी. पाय अजून आपटत चालतेस." सुनेनं चहा आणला. ते बशीत ओतून चहा पीत होते, तसेच, पूर्वीसारखे, आवाज करत. त्यांनी माझी चौकशी केली, कुठं कुठं गेले ते विचारलं, बर्फाचं विचारलं. एखाद्या गावची खबरबात विचारावी तसं. मी सांगत गेले. ते मधेच थांबवून विचारायचे, मग काय केलंस? मी म्हणायचे, फिरवलं परत. ते मान डोलावायचे आणि म्हणायचे, पुढं.

शेवटी मी विचारलं. त्या दिवशी सभेत तुम्ही माझं नाव का घेतलं नाही?

त्यांनी बशीतला उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "तुझं नाव घेतलं असतं तर त्या लोकांनी तुला हसून मारलं असतं. चोवीस वर्षांची पोर, तीन वर्षांची मोहीम बुडवली म्हणून. तुझा बाप तिथं होता, तुझ्या शाळेच्या बाई होत्या. माझं काय जाणार होतं? पण तू पुढच्या वेळी बर्फ बघितला असतास ना, तर आधी ती सभा आठवली असती. आणि तू गप्प बसली असतीस. आणि कुणीतरी गेलं असतं."

एकवीस वर्षं मला वाटत होतं की तोंड उघडायची ताकद माझी आहे.

मी म्हटलं, "पण नाना, मी उठायला हवं होतं. तुम्ही बसलात, आणि मी गप्प बसले. त्याचं काय?"

त्यांनी बशी खाली ठेवली. चाचपत, कडेला.

"ते माझ्याकडं नाही," नाना म्हणाले. "तेवढं तुझं तू बघ."

बोलण्यात राग नव्हता. समजूतही घातली नाही. सुनेला हाक मारून त्यांनी मला पिशवीभर डाळिंबं द्यायला सांगितली.

डाळिंबं घेऊन मी तशीच अरविंदकडे गेले. घुलेवाडीकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याचं घर होतं. आम्ही तेवीस वर्षांत लग्नकार्यात भेटलो होतो, बोललो होतो, पण गौरण टिब्ब्याचं नाव दोघांनीही काढलं नव्हतं. तो बागेला पाणी घालत होता. केस गेले होते, गुडघ्याला पट्टा होता. मी फाटकातच उभं राहून सांगितलं की मी स्मरणिकेत लिहिणार आहे, निर्णय माझ्यामुळं झाला आणि सभेत मी तोंड मिटून बसले. सगळं, जसं झालं तसं.

त्यानं नळ बंद केला.

"त्या दिवशी मी तुझ्याकडं बघितलं होतं," तो म्हणाला. "मी उठणार होतो. नानांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबून धरला. सभा संपेपर्यंत सोडला नाही."

"काय बोलणार होतास?"

"तेच तर." तो पायरीवर बसला आणि मलाही बस म्हणाला. "मलाच ठाऊक नव्हतं. तुझ्या बाजूनं बोललो असतो की तुझ्यावर ढकललं असतं. दोन्ही तोंडात होतं. दाणे तर मी हातात घेतले होते, पमे. मला साखर कळते. तरी मी जाऊया म्हटलं होतं." आणि मग, "तू माझा राग धरून बसलीस असं वाटायचं मला. मी तुम्हाला त्या उतारावर न्यायला निघालो होतो म्हणून."

मी म्हटलं, मला वाटायचं तू माझा धरलायस.

घरातून त्याच्या नातीचा पाढे म्हणायचा आवाज येत होता. चौदाचा. चौदा पाचे सत्तर, चौदा सक चौऱ्याऐंशी. आम्ही दोघंही ऐकत बसलो.

"एक विचारू?" अरविंद म्हणाला. "सुटला असता का गं तो उतार?"

हा प्रश्न मी स्वतःला हजारदा विचारला होता. मुलींना शिकवताना त्या खड्ड्याची आकृती फळ्यावर काढली होती, थर मोजले होते, मधले थंडीचे सहा दिवस धरले होते, बंगालचे चौघे धरले होते. उत्तर एकच यायचं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

तो नातीच्या आवाजाच्या दिशेनं बघत होता. चौदा नव्वेला ती अडली, आणि त्यानं बसल्या जागेवरून तिला पुढचं सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बरं झालं, कळलं नाही ते."